वैजापूरचं दातेरी चाक

आमच्या तिघांचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. नटबोल्टच्या जुन्या खेळण्यांसारखंच त्यांचं. एक आणायला जावं तर दोन घरी येतात!

तिघं म्हणजे घड्याळजी सलीमभाई, वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला असलेला गायके आणि मी, रिटायर्ड मास्तर. बजाजनगरात माझ्या गच्चीवरच्या खोलीत खेळण्यातल्या रेल्वेचा लेआउट आहे. रूळ, स्टेशन, मालधक्का. धक्क्यावर क्रेन हवी होती, तीही भोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या नटबोल्टनं जोडायच्या जुन्या सेटची. सलीमभाईंच्या वडिलांनी त्यांना तशी घेऊन दिली होती आणि घर बदलताना ती हरवली. "मरायच्या आधी एकदा तिला वजन उचलताना बघायचंय मास्तर," ते म्हणायचे. आम्ही हसायचो, पण शोधायलाही लागलो.

*

पट्ट्या सापडल्या क्रांती चौकाकडच्या एका भंगारवाल्याकडं. सलीमभाईंनी आधीच बजावलं होतं, "चेहऱ्यावर खुशी दिसू देऊ नका. बेकार माल है, एवढंच म्हणायचं." आत गेलो. हिरव्या पट्ट्या दिसल्या आणि सलीमभाईच ओरडले, "या अल्लाह, ओरिजिनल!"

भंगारवाल्यानं शांतपणे पट्ट्या उचलल्या आणि वरच्या फळीवर ठेवल्या!

*

शेवटी चढ्या भावानं घेतलेल्या त्या पट्ट्यांचा रंग जागोजागी उडालेला. शौकिनांना त्या जुन्या रंगाचंच मोल! गायके म्हणाला, "जरा पुसून आणतो." चार दिवसांनी आणल्या त्या पिवळ्याधमक, चकचकीत! पठ्ठ्यानं सगळ्या कारखान्यात पावडर कोटिंगला टाकून नव्यानं रंगवल्या होत्या. वर म्हणतो, "आमच्याकडं गंजका पार्ट पुढं जातच नाय. डायरेक्ट रिजेक्ट!"

सलीमभाई दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पर फिनिशिंग लई अच्छी है."

*

क्रेन उभी केली, तर स्टेशनच्या तिप्पट उंच! गाडीचं माप वेगळं, सेटचं वेगळं, हे तीन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कपडे वाळत घालायला आलेली बायको म्हणाली, "ही डबा उचलणार का अख्खं गाव?"

क्रेन कापायची म्हटलं असतं तर सलीमभाई आडवेच पडले असते. आम्ही स्टेशनावर दोन मजले चढवले.

*

राहिलं फक्त मोठं दातेरी चाक. त्याशिवाय दोरी गुंडाळली जाईना, क्रेन नुसती शोभेची. सलीमभाई तिच्यापुढं बसून राहायचे, मला बघवत नसे. मग कळलं, गायकेच्या मावशीकडं वैजापूरला अशाच सेटचा एक डबा आहे. गेलो. डबा रिकामा! चाक स्वयंपाकघरात, तारेच्या मुठीत बसवलेलं. चाळीस वर्षं मावशी त्यानं करंज्या कातत होती.

"मावशी, एवढं द्या," सलीमभाई काकुळतीला आले.

"आन् मी करंज्या कशानं कातू? नखानं?"

गायकेनं टूलरूममध्ये पितळी कातणं बनवून आणलं, मायक्रॉनमध्ये मोजून. मावशीनं एक करंजी कातून बघितली. "नाय रं, नक्षी उठत नाय. माझं हाय तेच बरं."

तेव्हा सलीमभाईंनी तिला वडिलांची गोष्ट सांगितली. सांगता सांगता रडले. मावशीनं चाक धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. अट मात्र एक घातली.

आता क्रेन झकास चालते. सलीमभाई रोज येऊन एकदा तरी वजन उचलतात. पण दिवाळीच्या आठवड्यात कुणी लेआउट बघायला आलं, की तेच दारात आडवे येतात, "क्रेन बंद है जनाब. चाक वैजापूरला ड्युटीवर गेलंय!"