बाजीकाकांचा उजवा डोळा

सभ्य स्त्रीपुरुषहो, हातातला चहा खाली ठेवा. अत्यंत गंभीर घोषणा होत आहे — आमच्या लश्कर भागातला सर्वांचा लाडका गप्पिष्ट, म्हणजे प्रस्तुत इसम, खोटारडा आहे!

यात नवीन काय, म्हणाल. थांबा. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

बाजीकाकांचा किस्सा तुम्ही माझ्या तोंडून ऐकलाच असेल. एका डोळ्यानं अधू हवालदार पेन्शनसाठी दोन्ही डोळ्यांनी आंधळा होतो आणि डॉक्टरसमोर भिंतीवरचं कॅलेंडर घडाघडा वाचून दाखवतो. मी बुबुळं वर फिरवतो, काठी आपटतो. मिशीला पीळ देत काका स्वतःच्या हातानं फॉर्मवर इंग्रजीत कसे लिहितात — "बोथ आइज गॉन!" — ते करून दाखवतो. बारशी, मुंजी, लग्नं... वीस वर्षं लोक पोट धरून हसतायत.

किस्सा खरा आहे. म्हणजे — बराचसा.

माझे हे सख्खे काका रियासतीच्या पलटणीत होते. सरावात हातगोळा वेळेआधी फुटला आणि डावा डोळा गेला. दरबारानं पेन्शन बांधून दिली. मग रियासत गेली, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं, पलटणी नव्या फौजेत मिसळल्या, आणि नव्या कचेरीनं फर्मावलं — अपंग शिपायांनी पुन्हा अर्ज करावेत, तोवर पेन्शन बंद. का? विलीनीकरणात डोळा परत उगवणार होता?

अकरा महिने! दर मंगळवारी शिंदे की छावनीतल्या घरातून आम्ही दोघं निघायचो. काका जुना कोट घालून कचेरीच्या बाकावर ताठ बसायचे, आणि बाबू पान चघळत म्हणायचा, "कागज ऊपर गया है, हवलदार साहब." ऊपर म्हणजे कुठं? छतावर? घरी काकी लोकांचे कपडे शिवून चूल पेटवत होती. आजही तो बाक आठवला की माझं डोकं फिरतं. खऱ्या डोळ्याला तिथं किंमत नव्हती!

पण माझ्या रागाला तरी कुठं किंमत होती? खरं सांगू? मला काकांचा कळवळा कमी आणि मंगळवारचा वैताग जास्त होता. गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. नायक मी. आणि मी बसलोय बाकावर!

एका चपराशानं कानात सांगितलं, "पूरे अंधों की फाइल पहले उठती है, भैया." झालं. नवा अर्ज इंग्रजीत भरायचा होता आणि घरात इंग्रजी येणारा मॅट्रिक पास मी एकटा. डावा डोळा लिहायचं, तिथं मी दोन्ही डोळे लिहिलं. वाटलं, काका एकदा डॉक्टरपुढं उभे राहिले की म्हणू, चुकून लिहिलं गेलं. काकांना सांगितलं नाही. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी मोडीत सही केली.

पंधरा दिवसांत कंपू भागातल्या सरकारी डॉक्टरपुढं बोलावणं आलं.

डॉक्टरशेजारी पेन्शनचा अधिकारी बसला होता. भिंतीवर कॅलेंडर होतं. काकांनी ते तारखांपासून खालच्या छापखान्याच्या बारीक नावापर्यंत वाचलं आणि छाती फुगवून म्हणाले, "दाईं आँख बाज की है, साब!" उजवा डोळा ससाण्याचा!

अधिकाऱ्यानं अर्ज उलटा करून टेबलावर आपटला. "इसमें तो दोनों गई हैं. किसने लिखा?"

हीच ती वेळ. चुकून लिहिलं — एवढंच म्हणायचं होतं. घरून पाठ करून आलो होतो. पण तो पोलिसांचं नाव काढून बसला आणि मी — रंगमंचावर हजार माणसांपुढं न घाबरणारा मी — म्हणालो, "साहब, जो इन्होंने बोला, वही मैंने लिखा."

काकांनी माझ्याकडं वळून पाहिलं. मग टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि बाहेर पडले.

टांग्यात म्हणाले, "तालमीला उशीर होईल तुला."

फाइल बंद झाली. खऱ्या डोळ्याची पेन्शनसुद्धा गेली. काका दाल बाजारात एका गोदामावर चौकीदार झाले आणि मरेपर्यंत तिथंच राहिले. छावनीतली पोरंटोरंही ओरडायची, "अंधे हवलदार, जरा टाइम तो देखना!" आणि त्याच वर्षी, नाटकाच्या शेवटच्या रात्री, मंडळींनी आग्रह केला म्हणून मी पहिल्यांदा हा किस्सा रंगवला. काकांना ठग केलं. टाळ्या पडल्या. मग सोडतोय कशाला? मिशीचा पीळ घातला, काठी घातली. काका हयात असतानाही सांगत होतो. त्यांच्या तेराव्यालासुद्धा सांगितला, काकी आतल्या खोलीत असताना. आणि हसलात की हो तुम्ही सगळे! एकानंही कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात हरिशंकरपुरमला पुतण्याची वास्तुशांत होती. पंगतीत पुन्हा फर्माईश झाली. मी उठलो, बुबुळं फिरवली, मिशीला पीळ देऊन हवेत लिहिलं — बोथ आइज गॉन! हशा उसळला. काकी कढी वाढत होती. तिच्यापुढं मी हा किस्सा कधी केला नव्हता. त्या दिवशी ती मागं उभी आहे हे दिसलंच नाही. तिची पळी हवेतच थांबली, आणि भर पंगतीत ती बोलून गेली —

"पण ह्यांना इंग्रजी कुठं येत होतं?"