दोनशे जणांचा उपहार

“यह क्या है? नाश्ता कहाँ है?” आमचे मुख्य अभियंता हातात मखमली डबी धरून असे ओरडत होते, की लखनौच्या विमानतळाशेजारी, सरोजिनी नगरच्या त्या हॉलवरून उतरायला आलेल्या विमानानं पुन्हा वर जायचा विचार केला असावा. सकाळचे नऊ. पुलांच्या देखभालीवरच्या परिषदेला देशभरातून आलेले दोनशे इंजिनिअर रिकाम्या पोटी रांगेत उभे, आणि लांबलचक टेबलावर कचोरीच्या जागी मखमली डब्यांचा डोंगर. प्रत्येक डबीत केवड्याच्या अत्तराची एक बाटली.

परिषदेची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. मी ती हौसेनं अंगावर घेतली असं खात्यात बोललं जातं. खरं म्हणजे साहेबांनी खोलीत बोलावून सांगितलं होतं, परिषद नीट पार पडली तर तुमच्या नाशिकच्या बदलीची शिफारस करतो. लखनौत आम्हाला इतकी वर्षं झाली होती, की मुलगी मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर द्यायची. तिकडे नाशिकला सासूबाई एकट्या, गुडघ्यांनी टेकीला आलेल्या. आता जायचंच म्हणून बायकोनं या उन्हाळ्यात कूलरचं जुनं गवतही बदलू दिलं नव्हतं. त्या बदलीसाठी मी परिषद काय, गोमतीवर आणखी एक पूलही एकट्यानं बांधला असता.

साहेबांचा ओरडा मी जसाच्या तसा उचलला आणि कंत्राटदाराच्या अंगावर नेऊन ओतला. हा आलमबागचा गृहस्थ तंबूपासून हारांपर्यंत सगळं पुरवायचा. त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

“भैया, आपने ही तो कहा था, सुबह नौ बजे सबके लिए उपहार. हमने पूछा, कैसा हो? आप बोले, हल्का हो, पर आदमी लखनऊ याद रखे.”

बोललो होतो. शब्दन् शब्द. आमच्याकडे एसटी स्टँडवर ‘उपाहारा’तला काना गाळून ‘उपहारगृह’ अशी पाटी असते आणि आत बटाटेवडा मिळतो. इकडे उपहार म्हणजे भेटवस्तू, हे इतक्या वर्षांत कळायची वेळच आली नव्हती, कारण एरवी मीही नाश्ताच म्हणायचो. परिषद म्हटल्यावर जरा शुद्ध बोलायला गेलो.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. कचोऱ्या आणायला पाठवलेली जीप कानपूर रोडच्या कोंडीत रुतली. चहाबरोबरची बिस्किटं पहिल्या दोन रांगांनीच फस्त केली. भुकेल्या माणसाला हाताला चाळा लागतो. बंद एसी हॉलमध्ये दोनशे जणांनी दोनशे बाटल्या उघडल्या. केवड्याचा असा ढग उठला, की पडद्यावरचा पूल धुक्यात गेला. उद्‌घाटनाच्या वक्त्यांना ‘गंज’ म्हणायचं होतं, शिंकांपायी ते ‘गं’च्या पुढे सरकेनात. चेन्नईच्या एका इंजिनिअरनं सरबत समजून बाटली तोंडाला लावली. त्यांच्या ढेकरेला अजून केवड्याचा वास येतो म्हणतात. मी दाराशी उभा राहून येईल त्याला ‘बस, दो मिनट’ म्हणत होतो. जीप आली तेव्हा लोक दुपारच्या जेवणाला बसले होते.

संध्याकाळी साहेबांच्या मागे मागे गाडीपर्यंत गेलो आणि शिफारशीचा विषय काढला. ते ओरडले नाहीत. काच खाली करून म्हणाले, शिफारशीचं पुढल्या वर्षी बघू. परिषदही तुम्हीच करा, फक्त नाश्त्याचं कंत्राटदाराशी मी बोलेन.

अलीगंजला घरी पोचलो. बायकोनं दार उघडलं, आधी वास घेतला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, विमानासकट. एरवी ती माझ्या गोष्टींना हसते. नाशिकचं काय, एवढंच तिनं विचारलं.

या वर्षी नाही, म्हणालो.

“मग उद्या कूलरचं गवत बदलून घ्या,” ती म्हणाली.