शेताखालचं जहाज

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून तीन महिन्यांसाठी अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेला, माझ्याकडे आणलं. आमच्या घरामागे बटाट्याची शेतं आहेत. "इथे बघण्यासारखं काही नाही हो, बाबा," मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "आत्ताआत्तापर्यंत, पाणी उपसून काढेपर्यंत, हा समुद्राचा तळ होता." बाबांचा जन्म पाटबंधारे खात्यात जमिनी मोजण्यात गेला होता.

मी सकाळीच ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमला जायचे. ते दिवसभर एकटे फिरायचे. आठवड्याभरात त्यांना शेताच्या मधोमध एक उंचवटा दिसला.

"एवढ्या सपाट जमिनीत तो उगाच नसणार," जेवताना बाबा म्हणाले. "रविवारी येतेस बघायला?"

मी हो म्हणाले. त्या रविवारी ऑफिसचं काम निघालं. पुढच्या रविवारी मला कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर.

एका संध्याकाळी मी घरी आले तर बाबा नाहीत, त्यांचा फोन टेबलावर. सायकल काढून शोधत निघाले. ते उंचवट्यापाशी एका म्हाताऱ्या डच शेतकऱ्याशेजारी बसले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वहीत चित्रं काढून गप्पा चालल्या होत्या.

"फोन तरी न्यायचा ना," मी त्या शेतकऱ्यासमोरच चिडले. शेतकरी मला काही सांगू पाहत होता. मी घाईत आहे म्हणत त्याचं बोलणं तोडलं. बाबांनी वही मिटली. पुन्हा त्यांनी उंचवट्याचं नाव काढलं नाही.

पुण्याला परतल्यावर चार महिन्यांत ते झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

वसंतात एकटीच त्या उंचवट्याकडे गेले. शेतकऱ्याने ओळखलं. "वडील?" त्याने विचारलं. ते वारले, हे डचमध्ये मी पहिल्यांदाच बोलत होते. शब्द जुळायला वेळ लागला.

मग त्याने सांगितलं, की खाली समुद्रात बुडालेलं एक जुनं मालवाहू जहाज आहे. अभ्यासकांनी उघडून पाहिलं, लाकूड कुजू नये म्हणून पुन्हा मातीखाली झाकलं. आत चूल, भांडी आणि लहान मुलाचा एक बूट सापडला होता. नावाड्याचं कुटुंब त्यावरच राहायचं.

"ते मूल वाचलं का, एवढंच तुमचे वडील चित्र काढून विचारत होते," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. तुम्हालाही दाखवायचं होतं त्यांना. रविवारचा डच शब्द त्यांनी माझ्याकडून शिकून घेतला. तुम्ही दोघं याल म्हणून दोन रविवार मी कॉफी घेऊन थांबलो होतो."

मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने त्याला ट्रॅक्टर वळवायचा होता, म्हणून बाजूला झाले.