काय नाय, गानी हायेत

माथेरानच्या एका लहान हॉटेलात मी काउंटर सांभाळतो. कॉम्प्युटरचंही मीच बघतो, कारण वासरांत लंगडी गाय शहाणी. स्वभाव असा, की गॅस बंद केलाय का हे तीनदा बघितल्याशिवाय घर सोडत नाही. त्या शुक्रवारी मात्र मी एकदाही खात्री करून घेतली नाही. माझा स्वतःवरचा तो राग अजून गेलेला नाही.

सकाळी काउंटरचा कॉम्प्युटर सुरूच होईना. शनिवार-रविवारची सगळी बुकिंगं त्यातच होती. उपाय मला ठाऊक होता: दुसरी एखादी सिस्टीम पेनड्राइव्हवर चढवायची, तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा आणि आतली फाइल बाहेर काढायची. त्या सिस्टीमची इमेज फाइल, म्हणजे तिची अख्खी नक्कल, माझ्या लॅपटॉपमध्ये होतीच. पेनड्राइव्ह मात्र नेरळला घरी राहिला होता. इथे गाडी येत नाही, खाली जाऊन परत यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला.

स्वयंपाकघरात चपात्या करणाऱ्या मावशी डोंगराखालच्या वाडीतून चढून येतात. त्यांच्या स्पीकरला एक पेनड्राइव्ह कायम लावलेला असतो.

"मावशी, यात काय आहे?"

"काय नाय रं दादा, गानी हायेत." हात पिठात, नजर तव्यावर. "ने की."

गाणी म्हणजे सिनेमाची, दिवसभर तीच तर ऐकत होतो. पुन्हा भरून देऊ, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावल्यावर प्रोग्रॅमने विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? मी हो म्हटलं. थोड्याच वेळात इमेज चढली, कॉम्प्युटर उठला, बुकिंगं हाती आली. मालकांनी पाठ थोपटली आणि मी शेफारलो.

जेवणं उरकल्यावर मावशी काउंटरला आल्या. "माजा पेन दे रं दादा. सोमवारी पोरीची हळद हाय. त्यातली आत्याची गानी लावायची हायेत."

कसली गाणी, असं मी विचारलं.

त्यांची आत्या वाडीची धवलारीण होती. लग्नातली गाणी तीच सांगायची, बाकीच्या बायका नुसत्या मागून ओढायच्या. गेल्या वर्षी ती वारली. त्याआधी मावशींच्या भाच्याने तिचा आवाज मोबाइलवर भरून घेतला होता. पुढे मोबाइल ओढ्यात पडला. उरलं ते या पेनड्राइव्हवर. मावशी हे सगळं हसत सांगत होत्या आणि मी म्हणालो, "काम चाललंय अजून, संध्याकाळी देतो." चक्क खोटं बोललो.

मग खोलीत बसून पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम लावला. इमेज जिथे बसली होती तिथलं परत येणार नव्हतं. पलीकडचं आलं तर आलं. काम मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. फायली निघू लागल्या, पण बिननावाच्या. एकेक उघडायची, इयरफोन लावून ऐकायची. सिनेमाचं गाणं. पुन्हा सिनेमाचंच. मावशींची आवडती सगळी गाणी धडधाकट परत येत होती आणि मी त्यांना शिव्या घालत होतो. देवाला नवससुद्धा बोललो, आता कोणता ते आठवत नाही.

शेवटून दुसऱ्या फाइलीत आधी खोकला आला, मग एक म्हातारा, खणखणीत आवाज. मला रडूच आलं. त्यानंतरच्या फाइलीत नुसती खरखर होती.

संध्याकाळी मी मावशींना सगळं खरं सांगितलं आणि इयरफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"आत्याच हाय," त्या म्हणाल्या. मग इयरफोन काढून माझ्या हातात ठेवला. "पन ह्ये हळदीचं नाय रं. ह्ये पोरीला बोळवताना म्हनायचं."

मी माफी मागू लागलो, तर म्हणाल्या, "तू काय मुद्दाम केलंस? सोमवारी ये हळदीला."

गेलो. बायकांनी दोनदा सुरुवात करून बघितली, पण पहिली ओळ कुणालाच धड आठवेना. शेवटी त्यांनी हळद मुक्यानेच लावली. मला पाव्हणा म्हणून सगळ्यांच्या पुढे खुर्ची दिली होती.