कुठली अम्मा?

कोरोनाच्या वेळी मल्लेश्वरममधली अख्खी गल्ली कावेरीअक्कांनी लशीच्या रांगेत उभी केली होती. बी.एस्सी. झालेल्या, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त. कुणी कुरकुर केली की तिथंच झापायच्या. "लस म्हणजे शरीराला शत्रूचा फोटो दाखवणं. एकदा पाहिला की ओळख राहते. एवढं कळत नाही?"

त्यांना कळत होतं, आणि बरोबरच कळत होतं. घोटाळा झाला तो भाषेत.

घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. अंगावर पुरळ उठलं की या घरातही शेजारच्या कानडीसारखं म्हणायचं, अम्मा आली, म्हणजे देवी आली. दाराला कडुनिंब लावायचा. पुरळ कसलं, हे कोण विचारतो?

नात स्मृती आठ महिन्यांची असताना तिला अम्मा आली आणि गेली. महिन्याभरात सरकारी दवाखान्यातली नर्स दारात हजर. म्हातारीला समजावं म्हणून बिचारी सोपं बोलली, "अम्मा येऊ नये म्हणून सुई आहे, अक्का."

"अगं, येऊन गेली की! आता पुन्हा फोटो कशाला?"

"तसं नाही अक्का, ही दुसरी..."

"सरी, सरी, कळलं. मला शिकवू नकोस."

सून मनस्विनी हेब्बाळच्या ऑफिसातून फोनवर म्हणाली, "आई, तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही बघा."

अक्कांनी बघितलं. पटलेल्या गोष्टीचा फेरविचार करायची त्यांना सवयच नव्हती.

दीड वर्षाची स्मृती तापली. डोळे लाल, अंगभर पुरळ, मग कान वाहू लागले. हॉस्पिटलातली डॉक्टर साताऱ्याची निघाली.

"गोवराची लस दिली नव्हती?"

"अम्मा होऊन गेली होती हिला."

"कुठली अम्मा? त्या कांजिण्या असतील, आजी. हा गोवर. रोगच वेगळा."

गोवर. अक्कांच्या आजीच्या तोंडी होता हा शब्द; तिच्यानंतर घरात कुणी उच्चारलाच नाही.

पुरळ गेलं. डाव्या कानाचं ऐकणं गेलं ते गेलंच, उजव्याचं अर्धंमुर्धं राहिलं.

"त्या नर्सला नीट सांगायला काय झालं होतं?" घरी आल्यावर अक्का कडाडल्या.

मनस्विनी स्मृतीचा कान पुसत होती. "सांगत होती ना, आई. तुम्ही बोलू दिलंत का तिला?"

कान पुसून झाल्यावर ती म्हणाली, "सोमवारपासून हिला पाळणाघरात ठेवतेय."

सोमवारी स्मृतीचा डबा मनस्विनीनंच भरला, केसही तिनंच विंचरले; एरवी ही दोन्ही कामं अक्कांची.