गायकाचा आवाज जाड झाला तेव्हा

जुने रॉक अल्बम डाउनलोड म्हणून विकू नयेत, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. जालन्यात हे मत ऐकून घ्यायला कुणी तयार नसे, हा भाग वेगळा. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी हा विषय काढला की माझे सहकारी डबे उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. पण मत ते मत. अल्बम म्हणजे काही गाण्यांची पिशवी नव्हे. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, बाजू कुठे पलटायची, हे करणाऱ्यानं विचार करून ठरवलेलं असतं. त्यातलं एकच गाणं काढून विकणं म्हणजे पुरणपोळीतलं नुसतं पुरण विकण्यासारखं आहे, असं मी म्हणायचो.

माझ्या आवडत्या बँडचंही हेच म्हणणं होतं. ते लांब केसांचे इंग्रज बरीच वर्षं आपला अल्बम डाउनलोडवर द्यायला तयार नव्हते. याचा मला भलताच अभिमान वाटायचा, जणू काही त्यांनी मला विचारूनच तसं ठरवलं होतं.

तो अल्बम मला माहीत होता तो एका कॅसेटमुळे. मी कॉलेजात असताना माझ्या एका मित्राचं जाफराबादच्या बस स्टँडजवळ कॅसेटी भरून देण्याचं दुकान होतं. आमच्या गावाहून, टेंभुर्णीहून, जीपला लटकून मी तिथे जायचो आणि दुपारभर त्याच्या काउंटरमागे ठाण मांडून बसायचो. हिंदी गाणी, भजनं, कव्वाल्या, लोक मागतील ते तो भरून द्यायचा. एकदा औरंगाबादला शिकणाऱ्या एका मुलानं सुट्टीत त्या अल्बमची मूळ कॅसेट आणली. आम्ही ती एका दिवसापुरती मागून घेतली आणि मित्रानं मला तिची कॉपी काढून दिली. मूळ कॅसेट परत गेली, ती पुन्हा कधी दिसली नाही. मी ती कॉपी इतकी वाजवली, की आमची आईसुद्धा भाकरी थापताना त्यातली एक चाल गुणगुणायची. ते इंग्रजी आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

पुढे टेपरेकॉर्डर बिघडला, तो दुरुस्त करणारे धंदा बदलून बसले, आणि कॅसेट कपाटात गेली. गाणी मात्र डोक्यात राहिली. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये मी फोरमन आहे. तिथे लालभडक लोखंड रोलमधून जाताना जो गोंगाट होतो, त्यात माणूस माणसाशी बोलू शकत नाही. अशा वेळी मी तो अल्बम मनातल्या मनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत असे.

शेवटी बँड मोडला आणि अल्बम डाउनलोडवर आला. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं तो विकत घेऊन माझ्या मोबाइलवर टाकला. पप्पा, आता तुमची तत्त्वं पुरे झाली, मुकाट्यानं ऐका, असा वर दमही दिला. मी नाक मुरडलं, आणि तिचा फोन संपताक्षणी हेडफोन लावले.

गायकाचा आवाज जाड झाला होता. ज्या जागी तो अलगद वर जायचा, तिथे आता धापा टाकत जिना चढल्यासारखा जात होता. गिटारची धार गेली होती. सगळा बँडच पोटभर जेवून वाजवायला बसल्यासारखा वाटत होता. माझी पहिली प्रतिक्रिया विजयाची होती. घ्या, डाउनलोड केलं की हे असं होतं. मी ते पुन्हा ऐकलं, हेडफोन बदलून ऐकलं, मुलीच्या जुन्या स्पीकरवर ऐकलं. सगळीकडे तेच. मग मनात आलं, बिघाड डाउनलोडमध्ये नसून माझ्याच कानांत असला तर?

कारण मिलमधल्या आरोग्य शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं होतं, की असल्या गोंगाटात कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. पाखरं, शिट्ट्या, लेकराबाळांचे आवाज. जाड आवाज मागे राहतात, म्हणून माणसाला आपलं काही बिघडलंय हे कळतच नाही. बाई हे सांगत होत्या तेव्हा कानात घालायची बोंडं माझ्या खिशात होती, आणि बरीच वर्षं ती बहुतेक तिथेच असायची.

फोरमनचं अर्धं काम कानांवर चालतं. रोलचा आवाज जरा बदलला की कुठली बेअरिंग कुरकुरायला लागली ते मला उभ्या जागी कळतं. ज्याला ते कळत नाही त्याला लाइनवर ठेवत नाहीत, गोडाऊनला पाठवतात. पण खरं सांगायचं तर मला गोडाऊनची भीती एवढी नव्हती. उद्या नातवंडं झाली आणि ती कानात काहीतरी सांगायला आली तर आपण नुसतं हसून मान हलवायची, ही भीती जास्त होती. मी घाबरलो होतो. कानांची तपासणी करणारी गाडी मिलच्या गेटवर आली, त्या दिवशी मी पोट बिघडल्याचं सांगून घरी बसलो.

घरी कुणाला काही बोललो नाही. गुपचूप स्वतःची परीक्षा घेत राहिलो. कुकरची शिट्टी बारीक वाटते का, चिमण्या लांब गेल्यात का. घाबरून ऐकलं की सगळंच कमी ऐकू येतं. त्यात बायको हल्ली माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागली होती. म्हणजे तिला ओरडावं लागतंय, म्हणजे संपलंच, असा हिशेब मी मनाशी लावला आणि आणखी गप्प झालो.

अखेर सुट्टीच्या दिवशी कपाटातली कॅसेट खिशात घालून मी जाफराबादची एसटी पकडली. मित्राचं दुकान आता मोबाइलचं आहे. त्याच्या घरी उर्दू बोलतात, दुकानात तो सगळ्यांशी सगळ्या भाषांत बोलतो, आणि जुनं काही फेकून देत नाही, हे मला माहीत होतं. मला फक्त एवढंच हवं होतं, की त्याच्या कानांनी दोन्ही ऐकून सांगावं. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मागच्या खोलीतून कॅसेट वाजवायचा एक डेक काढला, पुसला, कॅसेट घातली. मोबाइल आणि कॅसेट एकदमच सुरू करायचं ठरलं, म्हणजे फरक कळेल.

दोन्हीकडे गाणं सुरू झालं. पहिलं कडवं होईपर्यंत कॅसेट पुढे निघाली होती. दुसऱ्या कडव्याला तर नुसता गोंधळ. कॅसेटवरचं गाणं संपून खरखर सुरू झाली, तरी मोबाइलमधला माणूस निवांत गातच होता. मग मित्रानं कपाळावर हात मारला.

"यार, तुझे कान बराबर हैत. ही टेपच पळून राह्यली," तो म्हणाला. "माझ्या भरायच्या डेकचा पट्टा ढिला झाल्ता तवा. भरताना टेप हळू फिरली, की वाजवताना गाणं पळतं अन् आवाज बारीक होतो. कान गेले तर गाणं कमी ऐकू येईल, हळू कशाला होईल?"

त्या डेकवर भरलेली भजनं ऐकून एक गिऱ्हाईक तक्रार करायला आलं होतं, हेही त्याला आठवलं. बुवांना कुठली गाडी गाठायची होती का, असं ते विचारत होतं. नवीन कॅसेट आहे, वाजवून वाजवून बसेल जागेवर, असं सांगून यानं त्याला वाटेला लावलं होतं. आम्ही इतके हसलो की बाहेर मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेली बाई आत डोकावून गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळं हसण्याचं नव्हतं.

तरी तपासून घे, असं त्यानं बजावलं. पुढच्या आठवड्यात मी आपणहून दवाखान्यात गेलो. वयाच्या मानानं कान ठीक आहेत, बोंडं मात्र खिशात नाही, कानात घाला, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना समोरच्या रसवंतीचे घुंगरू वाजत होते आणि मला ते थांबून ऐकावेसे वाटले. मी थांबलो, दोन ग्लास रस प्यायलो.

तर आता माझं मत विचाराल तर जुने अल्बम जरूर डाउनलोडवर विकावेत. अख्खे विकावेत, तुकडे करू नयेत, हा हट्ट कायम आहे. पण विकावेत. नाहीतर कुठल्या गावात कुणी कुठल्या ढिल्या पट्ट्यावर भरलेलं गाणं खरं मानून जन्म काढेल, सांगता येत नाही. मित्रानं ती पळती कॅसेटही माझ्या मोबाइलवर उतरवून दिली आहे. खरा अल्बम मी मानानं ऐकतो, आवडतो मात्र पळणाराच.

त्या दिवशी दवाखान्यातून मी घरी आलो, तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगून टाकलं, जाड झालेल्या आवाजापासून रसवंतीपर्यंत. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. तिलाही तेच वाटलं होतं. मी हाकेला ओ देत नव्हतो, चार वाक्यांना एक उत्तर देत होतो, म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं, की यांचे कान गेले, आता आपणच मोठ्यानं बोलायचं. शेजारीण तर विचारून गेली होती, की तुमचं एवढं काय बिनसलंय. म्हणजे ती माझ्यामुळे ओरडत होती आणि तिच्या ओरडण्यानं मी खचत होतो. यावरही आम्ही हसलो.

मग ती जुडी उचलून पुन्हा पानं खुडायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मोठ्यानं बोलायची सवय तर मी लावून घेतली असती. पण काही गोष्टी वरडून सांगता येत न्हाईत. त्या कशा सांगायच्या, हेच मला उमजत नव्हतं."

कोणत्या, असं मी विचारलं. तिनं आवाज जराही न चढवता सांगितल्या, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.