दगडातली होडी

शनिवार-रविवारी आमच्या अर्नाळ्याच्या बेटावर माणसं येतात, किल्ला बघतात, बुरुजापाशी फोटो काढतात आणि जातात. इतिहास त्यांना तोंडपाठ. आधी सुलतान, मग पोर्तुगीज, मग मराठे. अहो, आणि या सगळ्यांना मासळी कोण खायला घालत होतं? आम्ही कोळी काय काल भरतीबरोबर वाहून आलो? एका बाईंनी तर मला गॉगल वर करून विचारलं, "तुम्ही इथे कधी शिफ्ट झालात?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मग एक दिवस नोटीस आली. किल्ल्यालगतची घरं म्हणे अतिक्रमण. जुन्या वस्तीचा पुरावा असेल तर दाखवा, साहेब पाहणीला येतील. पुरावा आमच्याकडे होता. परसात विहिरीजवळ गुडघ्याएवढा कोरीव दगड होता. त्यावर होडी, वल्हवणारी माणसं, वर चंद्र-सूर्य, सगळं झिजून पुसट झालेलं. माझ्या कॉलेजातल्या सरांनी फोटो पाहून सांगितलं, "हा वीरगळ. दर्यावरच्या लढाईत मेलेल्या माणसाचा. किल्ल्याच्याही आधीचा असेल." मला आकाश ठेंगणं झालं. मी बाबांना म्हटलं, "साहेबाला हाच दाखवायचा. यावरच आपलं घर वाचणार." आणि मी नोकरीसाठी चार दिवस विरारला निघून गेले.

आमच्याकडे बोटीच्या तपासणीला माणूस येणार म्हटलं की आदल्या दिवशी बोटीवरचा नंबर नव्या रंगाने ठळक करतात. बाबांनी जन्मभर तेच केलं होतं. पाहणीच्या सकाळी मी परतले, तर ते दगडापुढे बसलेले, हातात छिन्नी. होडी, वल्ही, चंद्र-सूर्य, एकूण एक रेघ त्यांनी खोल कोरून काढली होती.

"साहेब येनार, अन् होडी अशी पुसट ठेवायची?" ते म्हणाले. चेहऱ्यावर केवढा आनंद! मी कपाळावर हात मारून घेतला, तेवढ्यात साहेब आलाच.

साहेबाने रेघेवरून बोट फिरवलं, खाली पडलेला पांढरा भुगा बघितला आणि हसला. "काका, हात चांगला आहे तुमचा." बाबांनी खूश होऊन त्याला शहाळं फोडून दिलं. सरांचं म्हणणं, जुना फोटो, सगळं मी पुढे केलं. "फोटोत काही कळत नाही," म्हणाला मेला.

महिन्याभराने अहवाल आला. बाबांना वाचता येत नाही, म्हणून ओटीवर बसून मी वाचून दाखवला. पाडायच्या घरांत आमचं घर पहिलं. खाली लिहिलं होतं, 'सदर शिल्प अलीकडे, राहत्या कुटुंबानेच कोरलेले आहे.' ती ओळ मी गाळली.

बाबांनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "अन् दगडाचं?"

"काहीच लिहिलं नाही."

"बघ," ते म्हणाले, "येवढी ठळक केली, तरी दिसली नाय त्यांना."